कंपनीचा कप

मी निघालो तेव्हा गावच्या चौकात माझा फ्लेक्स लागला होता. डोळ्यांवर गॉगल, मागे विमान, खाली आपल्या कबड्डी मंडळातल्या सगळ्यांची नावं. तुम्ही पोरांनी गाडी अडवून हार घातला. त्या गडबडीत आईला धड रडताही आलं नाही. माझे वडील, आप्पा, साखर कारखान्यात फिटर. कमी बोलणारा माणूस. खिडकीत वाकून एवढंच म्हणाले, "आता तिकडचाच हो. इकडचा विचार करू नको." मला तो आशीर्वाद वाटला.

परवा मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी माझा जुना फोटो टाकला. चिखलाने भरलेली जर्सी आणि हातात कप. खाली तुमचे मेसेज, "दादा, आम्हालाही बोलव." त्या फोटोची गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. आता सांगतो.

मी जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत मरीन इंजिनियर होतो. क्लेमेंटी नावाच्या उपनगरात भाड्याचा फ्लॅट, बायको मंजिरी, आणि इथेच जन्मलेली आमची इरा. सकाळी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, दिवसभर काम, संध्याकाळी एमआरटी. फोटोतल्या त्या वर्षी कंपनीने एका रग्बी लीग स्पर्धेला पैसा दिला, कपला स्वतःचं नाव लावलं आणि स्वतःचा संघही उतरवला. नॉकआउट, म्हणजे हरला तो बाहेर. आमचा ऑस्ट्रेलियन मॅनेजर क्रेग कॅप्टन होता. माणसं कमी पडली म्हणून टेबलाटेबलापाशी फिरून विचारत होता. मी हो म्हणालो.

बॉल कसा धरायचा तेही मला ठाऊक नव्हतं. सरावाला एक आडदांड गडी अंगावर धावून आला आणि मी सवयीने डाव्या कोपऱ्यातली पकड केली, थेट घोट्यात. तो उताणा. क्रेग धावत आला, "हे काय होतं?" म्हटलं, "कबड्डी." त्या दिवसापासून माझं नावच कबड्डी पडलं. माझं खरं नाव त्या संघात कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला त्याचं काही वाटलंही नाही.

या खेळात पाडलेला माणूस उठतो, बॉल पायाने मागे सारतो आणि खेळ चालू राहतो. सहा वेळा पाडलं की बॉल समोरच्यांचा. थोडक्यात, पाडणारा लागतो. तो मी होतो. पहिल्या फेरीत शिक्षकांचा संघ हरवला, पुढे बँकवाल्यांचा. सेमीफायनलला इरा कुंपणाला लोंबकळून ओरडत होती, "पप्पा, कॅन लाह, कॅन!" म्हणजे इथल्या बोलीत, जमेल, नक्की जमेल. त्या संध्याकाळी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, क्रेगने माझ्या गळ्यात हात टाकला. "यू आर फॅमिली, मेट." मी आईला फोन करून सांगितलं, "इथं मला घरातलाच मानतात."

फायनलच्या आधी, त्याच आठवड्यात, पत्र मिळालं. आमचा विभाग बंद. खाली सही क्रेगची. म्हणाला, "वैयक्तिक काही नाही. शनिवारी येतोयस ना?"

इथे राहण्या-कामाचा पास, म्हणजे परवाना, कंपनीच्या नावावर असतो. नोकरी गेली की पास जातो. मग थोड्या आठवड्यांत दुसरी शोधा, नाहीतर देश सोडा. मी आप्पांना फोन लावला.

"कदाचित परत यावं लागेल."

"किती दिवस?"

"कायमचं."

आप्पा म्हणाले, "इथं येऊन काय करणार? तुझ्या खोलीत धाकट्यानं दुकानाचा माल भरलाय. आणि लोकांना काय सांगू मी? चौकात फ्लेक्स लावला होता तुझा. तिकडंच बघ काहीतरी." मागून आईचा आवाज आला, "काय म्हणतोय? कधी येतोय?" आप्पा तिला म्हणाले, "काही नाही. खुशाली विचारतोय."

शनिवारी मंजिरी दारात उभी राहिली. "ज्यांनी काढलं त्यांच्यासाठी हाडं मोडून घ्यायची?" तरी गेलो. मनात वेडी आशा होती, की चांगला खेळलो तर कोणाला तरी वाटेल, हा माणूस ठेवावा.

खेळ संपत आला होता. आम्ही जेमतेम पुढे. त्यांचा एक जण कडेने एकटाच सुटला. मी झेप टाकली, घोटा हाताला लागला, तो रेषेच्या अलीकडे पडला आणि माझा खांदा त्याच्या खाली आला. आम्ही जिंकलो. कप द्यायला आलेल्या बड्या साहेबांनी माझा हात हलवला. "आपल्या कंपनीला अशीच माणसं हवीत." शेजारी क्रेग उभा होता. तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. तेवढ्यात फोटो निघाला. तोच हा फोटो.

सोमवारी पाया लेबारच्या ऑफिसात लॅपटॉप आणि कार्ड परत केलं. एचआरमधली मुलगी मान वर न करता म्हणाली, "सॉरी आ, जर्सी ऑल्सो मस्ट रिटर्न." जर्सी घरी दांडीवर वाळत होती. दुसऱ्या दिवशी घडी घालून नेऊन दिली.

नोकरी मिळाली, अगदी शेवटच्या दिवसांत, लहान यार्डात, खालच्या जागेवर. आप्पांनी गावात बढती म्हणून सांगितलं. मागच्या दिवाळीला आलो तेव्हा तुम्ही सगळ्यांनी प्रेमाने विचारलंत, "परत कधी जाणार?" तोच प्रश्न इथे पासवरची तारीख विचारते. इरा म्हणते, "वी आर फ्रॉम हिअर, व्हॉट." मी तिला खोडून काढत नाही.

पोरांनो, यायचं तर या. फक्त घर मिळेल म्हणून येऊ नका. फायनलहून परतलो तेव्हा मंजिरीने कोण जिंकलं ते विचारलं नाही. माझा शर्ट हळूच उतरवला, खांद्याला गरम पाण्याची पिशवी लावली आणि म्हणाली, "आधी जेवून घे." मला घर म्हणून तेवढंच उरलंय. आणि तेही पास रिन्यू झाला तर.