सुतळीतली गाठ

अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा अमरावतीतल्या पैसेवाल्यांना घरच्या जुन्या खिडक्या नकोशा झाल्या. रस्त्यावर पुढे आलेली, तिन्ही बाजूंनी उघडणारी खिडकी हवी असेल तर गावातला एकच सुतार बोलवायचा. लाकडी गज लावून तो कधी मोजायचा नाही. गळ्यात सुतळी असायची, माप घेतलं की तिला गाठ मारायचा. आणि कामाआधी प्रत्येक घरी एकच प्रश्न, "इथं बसनार कोन हाय?"

आमच्या घरीही त्याने तेच विचारलं. मला तो आगाऊपणा वाटला. आमचे हे तर चिडलेच, "तुले काय करा लागते?"

त्याने खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात कमरेतून वाकलेल्या सासूबाई बसल्या होत्या. जुनी खिडकी इतकी उंच, की लग्न होऊन आल्यापासून त्यांनी रस्ता नुसता ऐकला होता. "माय, इकडं बसा बरं," म्हणत त्याने त्यांच्या डोळ्यांपाशी सुतळी धरली आणि गाठ मारली. सासूबाई नव्या नवरीसारख्या लाजल्या.

मेळघाटातून सागवान येईपर्यंत त्या गेल्या.

तो आला, रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि त्या गाठीच्या मापाने चौकट बसवली. हे ओरडले, "लय खाली घेतली! आता कोन बसते तिथं?"

"माप तं घेतलं होतं नं, मालक," तो म्हणाला आणि गाठीची ती सुतळी यांच्या हातात दिली.

पुढे लढाई संपली, भाव पडला. खिडकी मात्र तशीच आहे. बाहेर पाहायचं तर आम्हा सगळ्यांना अजून सासूबाईंएवढं वाकावं लागतं.