काकाजींची चूक

काकाजी घराचं कुलूप ओढून बघत, चार पावलं चालत, परत येऊन पुन्हा ओढत आणि मग शेजाऱ्याला म्हणत, "जरा तुमी ओढून पाहा बाप्पा." असा माणूस रक्ताच्या नळ्या सांभाळायला मिळणं हे आमच्या प्रयोगशाळेचं नशीब होतं. मला मात्र तेव्हा तो छळ वाटायचा.

नागपूरच्या त्या प्रयोगशाळेत विदर्भातल्या माणसांचा डीएनए वाचायचं काम चाले. गावोगाव शिबिरं घ्यायची, रक्त आणायचं आणि त्यातल्या डीएनएची अक्षरं यंत्रावर ओळीनं वाचून काढायची. अक्षरं वाचणारी मी, रक्त काढणारे काकाजी. नळीवर नाव नसे, फक्त क्रमांक असे, आणि तो क्रमांकच काकाजींचा जीव खायचा. "नाव चुकलं त सापडते. नंबर चुकला त मानूसच हरपते," ते म्हणत.

म्हणून नळी भरली तरी ते समोरच्याला उठू देत नसत. त्याचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव असं सगळं पुन्हा वदवून घेत, त्याच्या डोळ्यांदेखत चिठ्ठी चिकटवत आणि क्रमांक मोठ्यानं वाचत. परतताना बर्फाची पेटी जीपच्या मागच्या बाजूला ठेवायची सोय होती, पण ती असायची त्यांच्या मांडीवर. भर मे महिन्यात पारशिवनीहून निघालो की कामठी रोड येईपर्यंत त्यांची पँट ओलीचिंब झालेली असे. मी हसले की म्हणायचे, "हास बेटा. चुकलं त तूच रडशीन."

त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि चुकलं. पारशिवनी तालुक्यातल्या दोन गावांतल्या दोन बायकांचा डीएनए अक्षर न अक्षर सारखा निघाला. एक चंदा, लग्न न झालेली मुलगी. दुसरी वैष्णवी, दुसऱ्या गावातली नवी सून. एकसारख्या जुळ्या बहिणी असल्याशिवाय असं होत नाही, आणि या तर एकमेकींच्या कोणीच नव्हत्या. त्यातच त्या डीएनएत स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा दोष होता. असं काही सापडलं तर कळवा, असं दोघींनीही लिहून दिलं होतं. पण दोष कोणाचा? कळवायचं कोणाला?

काकाजींचं जेवण सुटलं. रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. "मीच केलं असन. चिठ्ठी त मीच चिकटवतो." मी धीर द्यायचे, आणि ते गेले की नावं-क्रमांकांची यादी पुन्हा काढून बघायचे. ती तपासून सही मीच केली होती.

दोघींचं रक्त पुन्हा घ्यायचं ठरलं. आधी चंदाच्या गावी गेलो. तिची आई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. "चंदाचं त लगन झालं जी," ती म्हणाली आणि तिनं सासरचं गाव सांगितलं. ते वैष्णवीचंच गाव होतं. जीप तशीच तिकडे वळवली.

सासरी डोक्यावर पदर घेतलेली मुलगी पाणी घेऊन बाहेर आली. काकाजी कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिले. "तू चंदा हायेस?"

ती दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "माहेरची चंदा. इथं वैष्णवी."

"मंग आधी रगत देलं होतं, हे सांगितलं काहून नाही वं?"

"सासूबाई बाजूलेच उभ्या होत्या. तुमी नाव इचारलं, मी नवं नाव सांगितलं. मले वाटलं, नव्या नावानं पह्यलीच बारी हाय."

नाव, बापाच्या जागी नवरा, आडनाव, गाव, सगळं बदललं होतं. रक्त तेवढं तेच राहिलं होतं. दोन्ही नळ्या बरोबर होत्या, आणि दोष या मुलीचाच होता. मला इतकं हायसं वाटलं की त्याची मला आजही लाज वाटते. काकाजी पेटीवर हात ठेवून खाली बघत होते. मुलगी चहा ठेवायला आत गेली तेव्हा म्हणाले, "माही चूक निघाली असती त बरं झालं असतं बेटा."

पुढे नागपुरात डॉक्टरांनी तिला सगळं समजावून सांगितलं, तेव्हा दाराबाहेरच्या बाकावर काकाजी बसून होते. दर सहा महिन्यांनी तपासणी करायची होती. निवृत्त झाल्यावरही तारखेच्या आठ दिवस आधी ते तिला फोन करत, तिच्याकडून तारीख दोनदा वदवून घेत आणि त्या दिवशी त्याच बाकावर हजर असत. तिला ते चंदाच म्हणत. अजूनपर्यंत प्रत्येक तपासणी चांगली निघाली आहे. पण दर वेळी तो अहवाल हातात येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

गेल्या हिवाळ्यात काकाजी गेले. तिची तारीख जवळ आली तशी मी तिच्या तपासणीचा कागद काढला आणि फोन लावला. "वैष्णवीताई का?" मी विचारलं.

तिनं माझा आवाज ओळखला. मग ती म्हणाली, "मॅडम, काकाजी गेले का?"

मी हो म्हणाले. तारीख सांगितली, दोनदा वदवून घेतली. "मी बाहेर बाकावर असेन," मी म्हटलं, "नक्की ये, चंदा."