नेकारमध्ये सोडलेलं पान

सतरा मार्च आला की मला जर्मनीतल्या हायडेलबर्गचा जुना पूल आठवतो. एकोणीसशे साठच्या सुमारास मी तिथे संशोधन करत होतो आणि माझ्या खोलीत एक आयरिश विद्यार्थी राहायचा. सतरा मार्चला त्यांच्या संताचा सण, एवढंच मला ठाऊक होतं. त्या दिवशी तो सकाळी सार्वजनिक न्हाणीघरात अंघोळीला गेला, तेव्हा सणाचा दिवस म्हणून मी खोली झाडायला घेतली. कोळशाच्या शेगडीची राख त्याच्या खिडकीपर्यंत उडाली होती. तिथे संताच्या तसबिरीपुढे एक तीन दळांचं पान सुकून तपकिरी झालं होतं, आमच्या बेलासारखंच. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, ही आईची शिकवण. मी ते रुमालात घेऊन पुलावर गेलो आणि हात जोडून नेकार नदीत सोडलं. परत आलो तर तो पलंगाखाली शोधत होता. त्या संताने म्हणे असल्याच पानावरून लोकांना देव समजावला होता: दळं तीन, पण पान एकच. म्हणून दर सणाला कोटावर लावायला त्याची आई ते पाकिटातून पाठवायची. "ते मागच्या वर्षीचं होतं," तो म्हणाला, "आता पाठवायला ती नाही." मी सगळं सांगितलं. तो उठून म्हणाला, "हात जोडलेस ना? मग ठीक आहे." आणि कोटाला काहीच न लावता चर्चला निघून गेला. माझ्या आईच्या शेवटच्या पत्रातून आलेलं बेलाचं पान अजून माझ्याकडे आहे. त्याचा आता भुगा झालाय, पण नदीत सोडायला हात धजत नाही.