दोन खुर्च्यांची केबिन

लंडनमधल्या हाउन्सलोच्या दीनानाथ गुप्त्यांना उत्तर ध्रुवावर नेऊन सोडलं असतं, तरी संध्याकाळपर्यंत त्यांनी तिथे आपलं कुणीतरी हुडकून काढलं असतं आणि चहाला जाऊन बसले असते. परगावी जायचं म्हणजे तिथे ओळखीचं कोण आहे ते आधी पाहायचं आणि मग गाव पाहायचं, असा त्यांचा क्रम होता. बऱ्याचदा गाव पाहायचं राहून जाई.

विमानतळाजवळच्या एका मालवाहतूक कंपनीच्या हिशेबखात्यात त्यांची उभी हयात गेली. माणूस व्यवस्थित, वक्तशीर, चिकट मुळीच नव्हे. पण हॉटेलात राहायचं म्हटलं की ते म्हणत, "अहो, प्रश्न पैशाचा नाही. माणसं जोडली पाहिजेत." अशी जोडलेली माणसं एडिंबरापासून कार्डिफपर्यंत सोफाबेड बाळगून होती. गुप्ते जाताना शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा न्यायचे, कायम एकाच प्रकारचा. कार्डिफच्या डॉक्टर राजीवने एकदा त्यांनीच दिलेला डबा त्यांना निघताना परत भेट दिला. गुप्त्यांना तो ओळखू आला नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी तो लीड्सला दिला.

या सगळ्या प्रवासांत त्यांच्या पत्नी सुचेताबाई अर्थातच बरोबर असत. दुसऱ्याच्या घरी आयतं खायचं त्यांना अवघड वाटे, म्हणून पहिल्याच सकाळी त्या यजमानीणबाईंना म्हणत, "तुम्ही बसा हो, मी लाटते." यजमानीणबाई बसत. गुप्ते आणि यजमान बाहेरच्या खोलीत देशाची अर्थव्यवस्था सुधारत. एकदा कुणीतरी सुचेताबाईंना विचारलं, स्कॉटलंड कसं वाटलं? त्या म्हणाल्या, "ओटा जरा उंच होता."

गुप्त्यांना हा किस्सा फार आवडे. चारचौघांत ते तो स्वतः सांगत.

गुप्त्यांच्या निवृत्तीला काही महिने उरले असताना सुचेताबाईंनी लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच एका जागेचं नाव घेतलं. त्या हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर काम करत. तिथल्या जेनची बहीण अमेरिकेत मिडवेस्टला, विस्कॉन्सिनमध्ये राहायची आणि तिची तळ्याकाठी लाकडी केबिन होती. बाईंनी फोनवर फोटो दाखवला. एकच खोली, लाकडं घालायची शेगडी, मागे जंगल, पुढे ओसरी. ओसरीवर दोन खुर्च्या.

"चार दिवस," त्या म्हणाल्या. "आपण दोघंच."

"छान आहे. जवळ गाव कुठलं?"

"गाव नाही. म्हणून तर."

गुप्ते लगेच कामाला लागले, कारण नियोजन हा त्यांचा प्रांत. त्यांनी नकाशे पाहिले, टॉर्च घेतली, डासांचं मलम घेतलं, अस्वल समोर आलं तर काय करावं यावरचे व्हिडिओ पाहिले. सगळं नीट चाललं होतं. पण रोज नियोजनाला बसलं की त्यांची नजर त्या दोन खुर्च्यांवर जाऊन अडे. तिथे बसून करायचं काय, हे कुठल्या व्हिडिओत सापडत नव्हतं. शेवटी त्यांनी राजीवला फोन लावला.

"इमर्जन्सीला आपलं कुणी असावं, एवढंच रे," गुप्ते म्हणाले.

"दीना, तू पण ना," राजीव म्हणाला. "अरे, माझा भाचा तिथेच आहे. साकेत. छोट्या गावात डॉक्टर आहे. गाडीने तास-दीड तास."

"म्हणजे शेजारीच की," गुप्ते म्हणाले. लंडनमधल्याच हॅरोला पूजेला बोलावलं तर 'फार लांब पडतं' म्हणणारा हा माणूस.

गुप्त्यांचा फोन आल्यावर साकेतला आनंद झाला. त्या मुलुखात मराठी ऐकायला मिळत नाही, त्याची बायको आश्लेषा कंटाळून गेलीय, काकांनी केबिनवर कशाला राहायचं, घरीच यावं. नाहीतर ते दोघं केबिनवर येतील. आणखी दोन कुटुंबं आहेत, त्यांनाही आणतील. गुप्त्यांनी एकच अडचण मांडली. "खुर्च्या दोनच आहेत. घडीच्या घेऊन या."

त्यांनी ही खबर सुचेताबाईंना सांगितली नाही. आनंदाची बातमी योग्य वेळी द्यावी, असं त्यांनी स्वतःला पटवलं.

एका रविवारी बाईंनीच मागच्या गार्डनमध्ये दोन खुर्च्या मांडल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "सवय करू या."

गुप्ते बसले. कुंपणाची एक फळी बदलायला हवी, असं म्हणाले. बाई हं म्हणाल्या. मग या आठवड्यात कौन्सिल कचऱ्याचा कुठला बिन नेणार आहे, यावर थोडं बोलणं झालं. मग काहीच उरलं नाही. वरून एक विमान गेलं. ते कुठल्या कंपनीचं, हे गुप्त्यांनी सांगितलं. मग दुसरं विमान येईपर्यंत ते आपल्या बायकोकडे न बघता बसून राहिले. त्या मात्र निवांत होत्या. त्यांनी डोळे मिटले होते.

तेवढ्यात फोन वाजला. बुडत्याला काडी मिळावी तसा गुप्त्यांनी तो उचलला आणि घाईत स्पीकरवर टाकला.

"काका, आश्लेषा बोलतेय. काकू आहेत का? काकू, आम्ही सगळे येतोय हं केबिनवर. तुमच्या हातच्या पुरणपोळ्या खायच्यात. पोळपाट-लाटणं मी आणते, तुम्ही काळजी करू नका."

सुचेताबाईंनी डोळे उघडले. नवऱ्याकडे पाहिलं. गुप्ते कुंपणाची फळी बघू लागले.

"आश्लेषा," बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याकडे सोफाबेड आहे?"

"आहे ना काकू."

"मग काकांना चार दिवस तुमच्याकडेच ठेवून घे. त्यांना माणसं लागतात. केबिनवर कुणी येऊ नका. मी एकटीच असेन तिथे." आणि त्यांनीच फोन बंद केला.

"अगं, एकटी?" गुप्ते म्हणाले. "अस्वलं असतात तिथे."

"असू देत. ती पोळ्या मागत नाहीत."

"मी त्यांना नको म्हणून कळवतो. आपण दोघंच जाऊ."

"आणि बोलणार काय? बिन कुठला नेणार?"

गुप्त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण त्याच्या पाठोपाठ छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटलं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी विचारलं, "मग ती दुसरी खुर्ची?"

"पाय ठेवायला," सुचेताबाई म्हणाल्या आणि तिथेच, गार्डनमध्ये, गुप्ते उठायची वाट बघू लागल्या.

गुप्ते उठले. आत जाऊन त्यांनी कपाट उघडलं आणि साकेतकडे न्यायला शॉर्टब्रेडचा डबा शिल्लक आहे का, ते पाहिलं.