भैरवी आधी, भाषण नंतर

कसं सांगावं कळत नाही, पण सांगून टाकते. माझ्या भाषणाच्या दिवशी टाळ्या कडाडल्या. शाल झाली, नारळ झाला, चहासुद्धा आला. भाषण तेवढं राहिलं!

हसू नका. आधी ऐका तर.

मी निलंग्याची. माझा आवाज इतका बारीक, की वर्गात माझी हजेरीसुद्धा शेजारी बसणारी शबाना देते. अशा मुलीचं नाव मराठीच्या बाईंनी ‘आवडलेली कादंबरी’ या स्पर्धेत घातलं. तालुक्यातून एकच मुलगी लातूरला जाणार होती. आणि खरं सांगू? मला जायचं होतं. एकदा तरी लोकांनी माझा आवाज ऐकावा, असं फार वाटत होतं.

मी निवडली इंग्रजांच्या काळातली एक जाडजूड कादंबरी. तिचं नाव सांगत नाही, लेखकाची बदनामी नको. तिच्यात एक गायिका आहे आणि एक कलेक्टर साहेब. निम्मं पुस्तक माझ्या डोक्यावरून गेलं. त्यात कुणी ‘सत्तावन’ म्हटलं की सगळे आवाज खाली आणतात. गायिकेला कुणी घराणं विचारलं, की मला वाटायचं स्थळ बघायला आलेत! आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, “आपल्याकडं कुठला आला साहेब? आपल्याकडं निजाम व्हता.” विषय संपला.

पण एका प्रसंगावर माझा जीव जडला. साहेब हुकूम सोडतो, “गा!” गायिका बसते, तंबोरा जुळवते आणि पहिलीच भैरवी सुरू करते. ती संपते आणि एकेक माणूस उठून उभा राहतो. साहेब तेवढा खुर्चीत बसलेला. तिथंच प्रकरण संपतं. पुढं एक अक्षर नाही!

मी डोकं लढवलं. गाणं ऐकून आपण उभे कधी राहतो? राष्ट्रगीताला. म्हणजे भैरवी हे त्या काळातलं स्वातंत्र्याचं गुप्त गाणं असणार. आणि साहेब का उठला नाही? अहो, इंग्रज ना तो! सगळं कसं चपखल बसत होतं.

तरी खात्री करायला बाबांना गाठलं. ते भजनाला जातात. तेव्हा ते मोटारसायकलला किक मारत होते.

“बाबा, भैरवी माहीत हाय का?”

“हाव. लई गोड.”

“ती झाली की लोक उभे राहतात?”

“राहतात की. भैरवी झाल्यावर कोण बसतंय?”

आणि गेले भुर्रकन. सांगा, यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

मग माझ्या डोक्यात आलं, भाषणाच्या आधी भैरवीच वाजवली तर? सभागृह पेटून उठेल! स्वागतगीताला पेटी वाजवायला भजनी मंडळाचे दत्तूकाका येणारच होते. स्पर्धेच्या दिवशी गावातल्याच वाचनालयात मी त्यांच्या कानाशी लागले.

“काका, मी मान हलवली की भैरवी वाजवा.”

“सरलं का मग समदं?”

“माझंच शेवटचं हाय.”

“मग बरोबर हाय. वाजवतो.”

सूत्रसंचालन शबानाकडे होतं. तिला बजावलं, “आधी भैरवी, मग माझं नाव.”

“नाव आधी घेतलं तर काय बिघडतंय गं?”

“वातावरण बिघडतंय!”

माझी पाळी आली. बाई चहाचं बघायला बाहेर गेल्या होत्या. शबाना म्हणाली, “आणि आता…” आणि गप्प झाली. मी माईकच्या मोठ्या लाकडी टेबलामागे जाऊन उभी राहिले. पलीकडून माझी वेणीसुद्धा दिसत नसावी. मी मान हलवली.

काय वाजवली हो काकांनी! म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. भैरवी संपली, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. अगदी कादंबरीतल्यासारखं! शबानानं घेतलेलं माझं नाव त्या टाळ्यांत बुडून गेलं. माझ्या अंगावर काटा आला.

अध्यक्षांनी घाईघाईने लातूरहून आलेल्या परीक्षक सरांना शाल घातली. म्हटलं, भारावलेत. लोक चपला शोधायला लागले. म्हटलं, आता काय मोर्चा काढतात की काय! तेवढ्यात वाचनालयाचे शिपाईमामा माझ्यापर्यंत आले.

“ताई, पाय उचल जरा.”

माझ्या पायाखालची सतरंजी ते गुंडाळत होते. मी पाय उचलला. म्हटलं, लोक परत आले की अंथरतील. “आदरणीय व्यासपीठ…” मी सुरुवात केली. माईक कधीच बंद झाला होता.

थोड्या वेळाने व्हरांड्यात सरांचा आवाज आला, “एक मुलगी राहिली होती ना?”

“अगं बाई!” म्हणत बाई आत धावल्या आणि मला दंडाला धरून बाहेर घेऊन आल्या. सर म्हणाले, “बोल बाळा, इथंच बोल.”

श्रोते किती? सर, बाई, शबाना आणि दत्तूकाका, चौघांच्या हातात कप. डोळे मिटून मी गायिकेचा आणि साहेबाचा तो प्रसंग सांगितला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, “भैरवी म्हणजे स्वातंत्र्याची हाक! भैरवी म्हणजे सुरुवात!”

सरांना ठसका लागला. बाई त्यांच्या पाठीवर थोपटायला लागल्या. दत्तूकाका कप खाली ठेवत म्हणाले, “पोरी, कुणी सांगितलं तुला? भैरवी शेवटाला असती. ती झाली की कुणी गात न्हाई, बोलत न्हाई. घरला जातंय.”

“मग ती गायिका…”

“तिनं साहेबाची मैफल बसता बसताच संपवली की! ‘तुझ्याम्होरं गायचंच न्हाई मला’ म्हणली.”

शबाना माझ्याकडं बघून म्हणाली, “म्हणजे आपणच सगळ्यांना घरी पाठवलं?”

मी भिंतीला टेकले. सरांनी डोळे पुसले आणि मायेनं म्हणाले, “लातूरला दुसऱ्या शाळेची मुलगी जाईल. वाईट वाटून घेऊ नकोस. पण मला एक सांग, आपली मैफल संपली हे त्या साहेबाला कधी कळलं असेल?”

कादंबरीत ते दिलेलंच नव्हतं. पण हे उत्तर मात्र मला पक्कं येत होतं.

“लगेच न्हाई कळत, सर,” मी म्हटलं. “पायाखालची सतरंजी गुंडाळली तरी न्हाई कळत.”