यशोदाची सासू

बाया एकमेकींच्या साड्यांवर, डागिन्यांवर जळतात. मी जळले ती यशोदाबाईच्या सासूवर. हसा खुशाल!

माझी सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. दिवाळी झाली की आमचा पेठकडचा अख्खा पाडा दिंडोरीला द्राक्षाच्या मळ्यात कामाला जायचा. घरी सांभाळायला कोणी नाय, म्हणून माझी आशा बरोबर. मी घड विरळायची, ती बांधावर धाकट्याला खेळवायची. शिमग्याला परत यावं तर शाळेत निम्मं पुस्तक शिकवून झालेलं. दर साली तेच. गावातल्या दुकानदारांची पोरं वर, आमची तळाला. गुरुजी म्हणायचे, "पाड्यावरची पोरं अभ्यासात कच्ची." कच्ची कसली? वर्गात होती कुठं ती!

पाड्यातली एकटी यशोदाची मोहिनी वर. का? तर तिची आजी, चिमणाबाई, मळ्यात जायची नाय. म्हातारी कमरेत वाकलेली, पण जीभ लय तिखट. नातीला हाकत शाळेत न्यायची आणि गुरुजी येईस्तोवर ओट्यावरून हलायची नाय. उशीर झाला की त्यांनाही झापायची. इकडं यशोदा मळ्यात मिरवायची, "आमच्या आत्याबाई हायेत ना घरी!" माझ्या अंगाचा नुसता भडका व्हायचा. कामात माझ्याहून मागं मेली, आणि नशीब पाहा!

आशा सहावीत नापास झाली. तिचा बाप म्हणाला, "बास झाली शाळा. आता मळ्यात हाताखाली घे." तेव्हा मी नाक मुठीत धरून म्हातारीकडं गेले.

"आत्या, हिलाही ठेवता का?"

"ठेव की. पण माझा मार खावा लागंल."

मळ्यात माझं चित्त लागेना. शिमग्याला धावत आले, तर पोरगी म्हणते, "आई, मी आजीकडंच झोपते."

मे महिन्याच्या एक तारखेला निकाल लागला. आशा पास! दुकानदारांच्या पोरांच्याही वर! गुरुजींनी विचारलं, "हिच्या घरचं कोण आलंय? पुढं या." मी पदर सावरून निघाले, तोवर आशानं चिमणाबाईचा हात धरून तिला पुढं नेलं. म्हातारी बोळकं पसरून हसत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आतून मात्र जळून कोळसा झाले.

त्या दिवाळीनंतर सातवीसाठी पोरीला पुन्हा मीच म्हातारीच्या दारात सोडली. आशा पिशवी घेऊन आत गेली. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाय.