होणाऱ्या जावयाची कोर्टातली चौकशी

आमच्या घराण्यात आजवर कोणी पोलीस ठाण्याची पायरी चढलेलं नाही, हे वाक्य मी माझ्या लेकीला, पूनमला पाहायला आलेल्या अकरा स्थळांना छातीठोकपणे ऐकवलं होतं.

बारावं स्थळ किरण दगडू पाटील. नोकरदार, तापीकाठी केळीचा बाग. आमच्यात स्थळाची चौकशी नातेवाइकांकडे करतात. पण आमच्या गुजर समाजात जो भेटेल तो नातेवाईक! त्यामुळे जो तो एकच सांगतो, "पोऱ्या सोनाना शे!" म्हणजे मुलगा सोन्यासारखा आहे. पूनमलाही मुलगा आवडला होता, म्हणून तर मला जास्त धास्ती. मी मोबाइलवर कोर्टाची साइट उघडून नाव टाकलं. आणि आलं की! किरण दगडू पाटील, जुगार कायदा!

"पूनमना पप्पा, काय दिसनं?" बायको सुनंदा डोकावली.

"जुगारी शे!"

"हाय माय! पोरनी तर साडी बी निवडी ठेयेल शे!"

पूनम रडायलाच लागली. "एक नावना धा माणसं ऱ्हातस, पप्पा!"

दोन दिवस ती नीट जेवली नाही. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण लेकीला वाचवल्याचा रुबाबही चढला होता. पक्का पुरावा हवा म्हणून मी सुनंदाला घेऊन तालुक्याच्या कोर्टात गेलो आणि निकालाची नक्कल मिळावी असा अर्ज दिला.

"आरोपीचे तुम्ही कोण?" कारकुनाने विचारलं.

"होणारा सासरा."

"आरोपीला माहीत आहे?"

"अजून नाही."

कारकुनाने चष्मा काढून पुसला आणि मला पुन्हा नीट पाहिलं.

काही दिवसांनी सुनंदासोबत पुन्हा कोर्टात गेलो, तेव्हा नक्कल हातात पडली. आरोपीचं वय एकाहत्तर! आमचा किरण अठ्ठावीसचा! मी आनंदाने वळलो, तर मागच्या बाकावर किरणचे वडील, दगडूआप्पा, हातात कागद घेऊन बसलेले.

"आप्पा, तुम्ही आठे, कोर्टमा?"

"तुम्हनाच निकालना कागद लेवाले येल शे. मोबाइलमा तुम्हनं नाव टाकं, लगेच वर उनं!"

आप्पांनी सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं वाचायला सुरुवात केली. बारा वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात मी एका घोड्यावर बसलो होतो. (घ्यायचा नव्हता. फुकट चक्कर मारायची होती.) घोडा उधळला, जिलबीच्या दुकानातून आरपार गेला आणि थेट पोलिसांच्या तंबूत शिरला. मला अटक करायला त्यांना खुर्चीवरून उठावंसुद्धा लागलं नाही! कोर्टात दंड भरून मी लंगडत घरी आलो आणि कंबरेत वात भरलाय असं सांगितलं.

सुनंदा बारा वर्षं त्या वाताला तेल चोळत होती.

"मंग हाऊ वात घोडावरथीन पडेल शे का?" तिने शांतपणे विचारलं. मी कारकुनाकडे पाहिलं. त्यानेही मान फिरवली.

आता स्थळ गेलं, आणि तेही माझ्यामुळे! पूनमला काय तोंड दाखवू? मी हात जोडले. "आप्पा, मन्ही चूक शे. पोरनी काहीच चूक नही."

"पोर आम्हले पसंतच शे," आप्पा म्हणाले. "पण एक अट शे. वरातमा तुम्ही घोडीजवळ येवानं नही!"

लग्न थाटात झालं. किरण घोडीवरून आला, पूनमच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. जावयाला सामोरं जायचा मान सासऱ्याचा. पण मी मांडवाच्या मागे, जिलबीच्या कढईजवळ उभा होतो, आणि माझ्यावर नजर ठेवायला सुनंदाने जिलबीवाल्याला नेमलं होतं!